मोटारीचा खांदा

सुलतानपूरच्या महादेवराव पाटलांकडे मोटार होती, आणि ही गोष्ट ते कुणालाही फार वेळ अंधारात ठेवत नसत. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं. इंजिनात घालायचं तेल नांदुऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडून यायचं, तेही ओळखीनं. तरी मोटार चालत होती, कारण ती इंद्रभानच्या हातात होती. इंद्रभान पाटलांचा ड्रायव्हर आणि मिस्त्री, दोन्ही. खामगावच्या एका कापसाच्या जिनात इंजिनावर काम करता करता तो हे सगळं शिकला होता. मोटारीला हँडल मारायचा तो, चालवायचा तो, चिखलात रुतली तर बाहेर काढायचा तो. पाटील शेजारी बसून भोंगा वाजवायचे. ते काम मात्र ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

पाटलांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, आधी त्या मोटारीचं काडीचं कौतुक नव्हतं. शेण देत नाही, वासरू देत नाही, असलं जनावर दारात बांधून उपयोग काय, असं त्या उघड म्हणायच्या. पण आखाडात त्यांची लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि भल्या पहाटे अडली. सुईणीनं हात टेकले. बाहेर धो धो पाऊस, वाटेतला नाला भरलेला. बैलगाडीनं मेहकरचा दवाखाना गाठायचा तर दुपार झाली असती. मोटारीनं वेळेत नेलं. डॉक्टर म्हणाला, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघांपैकी एकही हाती लागलं नसतं. त्या दिवसापासून सत्यभामाबाई मोटारीपुढून जाताना पदर सारखा करू लागल्या.

एकदा इंद्रभान मोटारीत तेल घालत होता. बाई नातवाला खांद्यावर टाकून तिथं उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, की बैलाचा भार खांद्यावर येतो, तिथं घट्टे पडतात, तसा हिचा भार कुठं येतो? इतक्या वर्षांत मोटारीबद्दल कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ. पाटलांनी कधी विचारलं नव्हतं. इंद्रभानला आनंद झाला. त्यानं डाव्या हातातला डबा खाली ठेवला.

"हिचा खांदा आत असते, बाई. आपल्याले दिसत नाही. पण सारा भार तिथंच पडते. अन् तिथं आपला हात पोचत नाही, म्हणून या तोंडातून तेल पाजा लागते."

बाईंनी ते पितळी झाकण नीट पाहून ठेवलं. नको ते त्यांच्या कधी लक्षात राहत नसे, आणि हवं ते कधी विसरत नसत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कडक झालेले ते खांदे ऊन पाण्यानं शेकायचे, हळद-लोणी चोळायचं, आणि कानाशी म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आवतन दिल्याशिवाय बैलसुद्धा जेवायला येत नाही, मग माणसाचं तर सोडाच. महादेवराव आणि सत्यभामाबाईंनी मिळून सगळ्या बैलांचे खांदे शेकले. पाटील हातपाय धुवून पारावर गेले. बाईंच्या हातात मोठ्या वाटीत हळद-लोणी बरंच उरलं होतं, आणि गोठ्याच्या कडेला मोटार उभी होती.

त्यांनी आधी मोटारीच्या दोन्ही दिव्यांना हळद-कुंकू लावलं. तिथंच थांबल्या असत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण हिचा खांदा आत असतो हे त्यांना आठवलं. वरून टिळा लावून आतला खांदा कोरडा ठेवायचा, ही कसली खांदशेकणी? ज्या जनावरानं लेक वाचवली त्याला असं फसवायचं? त्या आत जाऊन वाटी चुलीवर धरून आल्या. लोणी पातळ झालं. मग त्यांनी बाजूचा पत्रा उचलला, पितळी झाकण काढलं, आणि सगळी वाटी त्या तोंडात रिकामी केली. झाकण लावलं, पदरानं पुसलं. वाकून हळूच आवतनही दिलं. त्यांना फार बरं वाटलं. कोकिळाच्या बाळाला मांडीवर घेऊन त्या नंतर गाणंही गुणगुणल्या.

पोळ्याच्या सकाळी पाटील मोटार घेऊन लोणारला गेले. कोकिळाचे सासरे, रंगराव, यांना नातू दाखवायचा होता आणि सणाला जेवू घालायचं होतं. बैलगाडीचे व्याही मोटारीतून आणायचे, हाही हेतू होताच. येताना निम्म्या वाटेवर इंजिनातून टक-टक असा आवाज यायला लागला. इंद्रभाननं मोटार उभी करतो म्हटलं. पाटील म्हणाले, चालू दे, व्याही काय म्हणतील. थोड्याच वेळात आतून ठोके बसले, मोटारीनं गचका दिला आणि ती जी थांबली ती थांबलीच. हँडल तसूभर फिरेना.

आता ओढून न्यायला बैल आणावेत, तर पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात मिळायचा नाही. रंगराव खाली उतरले, धोतर वर खोचलं आणि चिखलात पाय घालत म्हणाले, "पाटील, सण बैलाचा हाये, पण आराम तुमच्या मोटारीनं घेतला."

दोघे व्याही चिखल तुडवत घरी पोचले तेव्हा तोरण तुटून बैल परतले होते.  जेवताना पाटील म्हणाले, की इंजिन धरलं, आतल्या आत. सत्यभामाबाई पुरणपोळी वाढत होत्या. 'आतल्या आत' हे शब्द त्यांच्या कानावर पडले. हे आपलं काम. त्यांना लगेच कळलं, आणि लगेच वाटलं, की तसं नसेलही. यंत्रच ते. कशानंही बिघडतं.

दुसऱ्या दिवशी बैलांनीच मोटार ओढून आणली. वाड्याच्या अंगणात इंद्रभाननं धुतलेलं गोणपाट अंथरलं आणि इंजिन खोलायला बसला. पाटील आणि रंगराव बाजेवर बसून पाहू लागले. पाटलांच्या डोक्यात रात्रीतून एक गोष्ट पक्की बसली होती. तेलाची टंचाई, चोरबाजार, आणि डबा ज्याच्या हातात तो इंद्रभान. चांगलं तेल विकून यानं भलतंच काहीतरी घातलं असणार. तोंडानं ते म्हणाले एवढंच, की एकेक वस्तू दाखव आणि कशाचं काय ते सांग.

सत्यभामाबाई ओसरीच्या खांबाआड नातवाला घेऊन बसल्या. उठून जायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

इंद्रभाननं वरचं जड झाकण डाव्या हातानं ओढून काढलं. खाली विहिरीसारखी चार गोल भोकं, आणि प्रत्येकात एक दट्ट्या. तो सांगत होता ते असं: दट्ट्या खाली जातो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो. वर येतो तेव्हा ती दाबतो. मग ठिणगी पडते, भडका उडतो, आणि त्या भडक्यानं दट्ट्या खाली फेकला जातो. पुन्हा वर येताना जळका धूर बाहेर ढकलतो. चार फेऱ्यांत एकदाच काम, बाकी तीन तयारीच्या. आत यायची एक झडप आणि बाहेर जायची एक, भात्याला असते तशी.

रंगराव म्हणाले, म्हणजे चारातला एकच राबतो. इंद्रभान म्हणाला, आळीपाळीनं चारही राबतात, म्हणून मोटार थांबत नाही. बोलता बोलता त्यानं झडपा काढून फडक्यावर ओळीनं ठेवल्या. झडपा ठीक होत्या. दट्ट्यांच्या कड्याही शाबूत होत्या.

प्रत्येक वस्तू धड निघाली की बाईंची धास्ती वाढायची. त्या मनात म्हणत होत्या, काहीतरी तुटकं निघू दे. एखादी झडप मोडलेली, एखादी कडी फुटलेली. देवा, आमचं नुकसान होऊ दे, पण ते लोखंडाच्या हातून होऊ दे. असली प्रार्थना त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि करताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"दट्ट्या वर-खाली करते," इंद्रभान सांगत होता, "पण चाक तर गोल फिरलं पायजे. म्हणून दट्ट्याखाली ही दांडी, अन् दांडीखाली हा वाकडा दांडा. जात्याचा खुंटा आपण पुढं-मागं करतो अन् जातं गोल फिरते, तसं. ही दांडी त्या दांड्याले जिथं धरते तिथं कथलावानी मऊ धातूचं अस्तर असते. सारा भार त्या अस्तरावर. इंजिनाखालच्या परातीतलं तेल पंप उचलते, जाळीतून गाळते, अन् या दांड्याच्या पोटातल्या बारीक भोकातून तिथं नेऊन सोडते. तेल आहे तोवर लोखंडाले लोखंड लागत नाही."

"अन् तेल नसलं तर?" पाटलांनी विचारलं.

तेल नसलं तर अस्तर वितळतं, इंद्रभान म्हणाला. मग तो मोटारीखाली शिरला आणि तेलाची परात उतरवायला लागला.

बाईंना ओसरीवरून फक्त त्याचे हात दिसत होते. परात खाली आली. काळं तेल घमेल्यात ओतलं गेलं. मग त्यानं जाळी काढली आणि त्याचे हात थांबले. जाळीवर पिवळा गाळ थापल्यासारखा बसला होता, आणि त्याला ताकाचा आंबूस वास येत होता. हे बाईंना दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं, की इंद्रभाननं मान वळवून मोटारीखालून ओसरीकडं पाहिलं. त्यांच्याकडंच. त्यानंतर त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि जाळी पुसली. बराच वेळ पुसली. बाहेर आला तेव्हा जाळी लखलखीत होती आणि दुसऱ्या हातात वितळून चेपलेलं अस्तर होतं.

"बेरिंग गळलं, मालक. तेल पोचलं नाही."

पाटलांनी जाळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, तेल काऊन पोचलं नाही?

"माही चूक झाली," इंद्रभान म्हणाला. "निघताना पाह्यलं नाही म्या."

पाटलांना हवं होतं ते मिळालं. तेल कुठं विकलं, कुणाला विकलं, असं त्यांनी व्याह्यांसमोर मोठमोठ्यानं विचारलं. इंद्रभान म्हणाला, विकलं नाही.  पाटील म्हणाले, उद्यापासून वाड्यात पाऊल ठेवू नको. इंद्रभाननं मोटारीतून सोडवलेला वाकडा दांडा गोणपाटात गुंडाळून गोठ्यात नीट ठेवला, हात धुतले आणि गेला.

सत्यभामाबाईंनी तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण बाजेवर रंगराव होते. विहीणबाईनं मोटारीला लोणी पाजलं, हे लोणारात आठ दिवस पुरलं असतं, आणि कोकिळाला जन्मभर. बाईंनी नातवाला घट्ट धरलं आणि गप्प राहिल्या. ज्या बाळासाठी हे सगळं घडलं त्याच्याच आड त्या लपल्या, आणि हे त्यांना लपताना कळत होतं.

गावात 'तेलचोर' हा शब्द फिरायला वेळ लागला नाही. इंद्रभानची बायको झुंबरबाई पाण्याला आली की विहिरीवरच्या बायका बोलता बोलता थांबायच्या. रंगराव गावी गेले त्या दुपारी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटी, लोणी, हळद, पितळी झाकण, काही ठेवलं नाही.

पाटील आधी हसले. मग म्हणाले, "तुले त्याची दया आली, म्हणून बनवून सांगतेस. हळद असती तर जाळीवर दिसली नसती काय? म्या सोता हातात घेऊन पाह्यली जाळी. आरशावानी होती."

तेव्हा बाईंना कळलं, की मोटारीखाली तो इतका वेळ काय पुसत होता. त्यानं आपल्यासाठी पुरावा पुसला, आणि आता खरं बोलूनही ते खोटं ठरत होतं. मग त्यांना त्याचं बोलणं आठवलं, अंगणात पाटलांना सांगत होता ते. दांड्याच्या पोटातलं बारीक भोक. आणि त्याआधी तेल घालताना तो म्हणाला होता, तिथं हात पोचत नाही. हात पोचत नाही तिथं फडकंही पोचत नाही.

त्या गोठ्यात गेल्या. गोणपाट उलगडलं. तो दांडा वाटला होता त्याहून जड होता. जिथं दांडी धरते ती जागा करपून काळी पडली होती, आणि तिथं जवारीच्या दाण्याएवढं भोक होतं. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून त्यात घातला आणि फिरवत बाहेर ओढला. आकड्याच्या टोकाला हळदीचा घट्ट पिवळा गोळा आला. पुन्हा घातला, पुन्हा आला.

पाटलांनी तो त्यांच्या तळहातावर पाहिला. वास घेतला. मग म्हणाले, झालं ते झालं. आता हे कुणाले सांगू नको. दुसरा ड्रायव्हर पाहू, अन् इंद्रभानले कुठंतरी चिकटवून देऊ. घराचं हसं कराचं नाही.

बाईंनी मूठ मिटली, पायात वहाणा घातल्या आणि भर दुपारी इंद्रभानच्या घराकडं निघाल्या. पाटलीण अशी एकटी गावाच्या त्या टोकाला कधी गेली नव्हती.

इंद्रभान घरात नव्हता, काम शोधायला मेहकरला गेला होता. झुंबरबाई दारात शेंगा फोडत होती. ती उठली, पण या म्हणाली नाही. बाईंनी मूठ उघडून दाखवली आणि सांगितलं, की तुझ्या नवऱ्यानं काही विकलं नाही, मी घातलं होतं हे. कोकिळाला मोटारीनं वाचवलं, म्हणून तिचा खांदा शेकायला गेले. मला माफ कर.

झुंबरबाईनं त्या हळदीकडं पाहिलं. तिला नवं काही वाटलेलं दिसलं नाही. नवऱ्यानं घरी सांगितलंच होतं.

"त्या पहाटे नाल्यात मोटार बंद पडली होती, बाई," ती म्हणाली. "तुम्ही मागच्या सीटवर पोरीले धरून बसल्या होत्या. मालक भोंग्यापाशी. ह्यानं पाण्यात उतरून उजवा खांदा लावला अन् ढकलत काठाले नेली. त्या दिवसापासून त्याचा हात वर जात नाही. रोज हळद लावून राह्यली मी. मोटारीले तुम्ही आवतन देल्लं. माह्या माणसाले कोनं देल्लं?"

बाईंना आठवलं. मोटार थांबली होती, आणि मग हळूहळू पुढं सरकली होती. कोकिळा कण्हत होती आणि त्या देवाचं नाव घेत होत्या. मोटार कशी सरकली, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडला नाही आणि पुढंही कधी पडला नाही. घरात लोण्याची वाटी भरून उरली होती, आणि त्यांना इंद्रभान आठवला नव्हता. मोटारीत लोणी घातलं हा अडाणीपणा होता, त्याला कुणीही माफ केलं असतं. ह्याला काय म्हणायचं हे त्यांना कळेना. त्या रडल्या. झुंबरबाईनं त्यांना रडू दिलं, आणि शेंगा फोडत राहिली.

परतताना त्या घराकडं वळल्या नाहीत, सरळ पारावर गेल्या. तिथं पाटील आणि गावातली पाच-पंचवीस माणसं बसली होती. बायका तिथं जात नसत. बाई गेल्या, आणि पदर सारखा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"इंद्रभाननं तेल चोरलं नाही. मोटारीत हळद-लोणी म्या घातलं होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी. यांहिले माहीत हाये."

कुणी हसलं नाही. हसायला नंतर वेळ होता, आणि पुढं वर्षभर गाव हसलं, लोणारही हसलं. कोकिळालाही सासरी ऐकावं लागलं. पण त्या घडीला सगळे पाटलांकडं पाहत होते, आणि पाटलांना मान हलवावी लागली.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी इंद्रभानला निरोप धाडला. तो आला. त्यानं खामगावहून नवं अस्तर ओतून आणलं, दांड्याच्या पोटातलं भोक तारेनं साफ केलं, झडपा, कड्या, दट्ट्या सगळं ज्या त्या जागी बसवलं. काम संपलं त्या दिवशी बाईंनी इंद्रभान आणि झुंबरबाईला जेवायला बोलावलं, आणि आवतन द्यायला स्वतः गेल्या. दोघं आली, जेवली. झुंबरबाई फारसं बोलली नाही.

मोटार पुन्हा चालू लागली. आता सकाळी ती निघायच्या वेळेला सत्यभामाबाई हातातलं काम टाकून ओसरीवर येतात. इंद्रभान वाकतो, हँडल घालतो आणि डाव्या हातानं फिरवतो. तो डावरा नाही.